फुटबॉलचा विश्वचषक

फुटबॉलला साहित्य फार लागत नाही. एक चेंडू, थोडी मोकळी जागा आणि दोन्ही टोकांना गोलाची खूण म्हणून ठेवलेले दोन-दोन दगड एवढे असले, की खेळ सुरू होतो. ज्या मुलांना क्रिकेटची बॅट किंवा टेनिसची रॅकेट कधी हाती धरायला मिळत नाही, त्यांनाही हा खेळ मनसोक्त खेळता येतो. इ. स. १८६३ मध्ये लंडन येथे या खेळाचे नियम लिहून काढण्यात आले आणि पुढील पन्नास वर्षांत खलाशी, सैनिक, व्यापारी व रेल्वे बांधणारे कामगार यांच्याबरोबर तो दूरदूरच्या देशांत जाऊन पोहोचला. मुंबईत १८९१ मध्ये रोव्हर्स चषकाची स्पर्धा सुरू झाली. तीत प्रारंभी मुख्यतः इंग्रजी पलटणींचेच संघ उतरत असत.

अशा रीतीने खेळ जगभर पसरला. परंतु सर्व जगाने एका ठिकाणी जमून तो खेळावा, ही गोष्ट घडून यायला फार काळ जावा लागला. ज्या स्पर्धेला आपण ‘विश्वचषक’ म्हणतो, तिच्या नावात ‘विश्व’ हा शब्द आधी आला. प्रत्यक्ष विश्व मागाहून आले आणि तेही थोडेथोडे करून.

सन १९०४ च्या मे महिन्यात युरोपातील सात देशांच्या प्रतिनिधींनी पॅरिस येथे एकत्र येऊन फुटबॉलचा आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन केला. ‘फिफा’ या आद्याक्षरांच्या नावाने तो ओळखला जातो. जागतिक स्पर्धा भरवण्याचा मनोदय त्या मंडळींच्या मनात तेव्हापासूनच होता. पण त्यासाठी लागणारा पैसा त्यांच्याजवळ नव्हता. पुढे पहिले महायुद्ध झाले आणि तो विचार मागे पडला. ऑलिंपिक सामन्यांत फुटबॉल खेळला जात असे, हे खरे. तथापि तेथे केवळ हौशी खेळाडूंनाच प्रवेश असे. खेळाबद्दल वेतन घेणाऱ्या खेळाडूला तेथे मज्जाव होता. दिवसभर कारखान्यात राबणाऱ्या तरुणाला वेतनाशिवाय आठवडेच्या आठवडे खेळणे कसे परवडावे? उत्तम खेळाडू हळूहळू धंदेवाईक होऊ लागले आणि ऑलिंपिकची दारे त्यांना बंद झाली.

ही अडचण ओळखणारे गृहस्थ म्हणजे ज्यूल रिमे. फ्रान्समधील एका खेड्यात जन्मलेले रिमे १९२१ मध्ये फिफाचे अध्यक्ष झाले. महायुद्धाचा संहार त्यांनी स्वतः सैन्यात राहून पाहिला होता. निरनिराळ्या देशांचे तरुण मैदानावर भेटले, तर त्यांच्यातील वैर कमी होईल, अशी त्यांची श्रद्धा होती. ती कितपत खरी ठरली, हे पुढे दिसेलच. पण त्या श्रद्धेमुळेच ते चिकाटीने प्रयत्न करीत राहिले. अखेर १९२८ मध्ये अ‍ॅमस्टरडॅम येथील अधिवेशनात जागतिक स्पर्धा भरवण्याचा ठराव संमत झाला. दुसऱ्या वर्षी यजमान म्हणून दक्षिण अमेरिकेतील उरुग्वे या देशाची निवड करण्यात आली.

उरुग्वे हा लहानसा देश. त्याची लोकसंख्या त्या वेळी वीस लाखसुद्धा नव्हती. परंतु १९२४ आणि १९२८ या दोन्ही ऑलिंपिकमध्ये फुटबॉलचे सुवर्णपदक त्यानेच जिंकले होते. शिवाय १९३० मध्ये त्याच्या पहिल्या राज्यघटनेला शंभर वर्षे पूर्ण होत होती. पाहुण्या संघांचा प्रवासखर्च आणि राहण्याचा खर्च आपण सोसू, असेही त्या देशाने कळवले. एवढे असूनही स्पर्धा दोन महिन्यांवर आली, तरी युरोपातील एकही संघ निघण्याचे नाव घेईना! कारण उघड होते. विमानाने समुद्र ओलांडण्याचे दिवस अजून यायचे होते. आगबोटीने जायला दोन आठवडे, यायला दोन आठवडे आणि खेळायला तीन आठवडे. इतके दिवस कामावर गैरहजर राहणाऱ्याची नोकरी कोण राखून ठेवणार? शेवटी रिमे यांच्या आग्रहावरून फ्रान्स तयार झाला. पाठोपाठ बेल्जियम आणि युगोस्लाव्हिया तयार झाले. रुमानियाचे राजे दुसरे कॅरोल यांनी तर खेळाडूंच्या मालकांना स्वतः गळ घालून रजा मिळवून दिली. युरोपातून आलेले संघ एवढेच.

२१ जून १९३० रोजी इटलीतील जिनोआ बंदरातून ‘काँते व्हेर्दे’ नावाची आगबोट निघाली. रुमानियाचा संघ तिच्यावर होताच. वाटेत फ्रेंच आणि बेल्जियन खेळाडू चढले. रिमेही त्यांच्याबरोबर होते आणि त्यांच्या सामानात तो चषक होता. पंख पसरलेली विजयदेवता दोन्ही हातांनी डोक्यावर पात्र तोलून धरते आहे, अशी ती चांदीची, वर सोन्याचा मुलामा दिलेली मूर्ती होती. उंची सुमारे पस्तीस सेंटिमीटर. आबेल लाफ्लर या फ्रेंच शिल्पकाराने ती घडवली होती. समुद्रप्रवासात अंग आखडू नये म्हणून खेळाडू डेकवरच धावत आणि व्यायाम करीत. ब्राझीलमधील रिओ द जानेरो बंदरात ब्राझीलचा संघही त्याच बोटीवर चढला. अशा रीतीने एकमेकांशी झुंजायला निघालेले चार संघ एकाच पंगतीला जेवत ४ जुलैला माँटेव्हिडिओला उतरले.

उरुग्वेने या प्रसंगासाठी भव्य प्रेक्षागार बांधायला घेतले होते. पण पावसामुळे काम रखडले. म्हणून १३ जुलैचे पहिले सामने शहरातील लहान मैदानांवर उरकावे लागले. दक्षिण गोलार्धात जुलै म्हणजे भर हिवाळा. त्या कडाक्याच्या थंडीत फ्रान्सच्या लुसियँ लॉराँ याने मेक्सिकोविरुद्ध विश्वचषकातील पहिला गोल केला. तो पाहायला पाच हजार माणसेही हजर नव्हती. आपण इतिहासात नोंद होण्याजोगे काही केले आहे, असे त्याला त्या क्षणी वाटले असण्याचा संभव कमीच!

एकूण तेरा संघ आले होते. आफ्रिका आणि आशिया या खंडांतून कोणीच नव्हते. अंतिम सामना ३० जुलैला उरुग्वे आणि शेजारचा अर्जेंटिना यांच्यात झाला. दोन्ही देशांच्या मध्ये प्लाता नदीचे विशाल मुख आहे. ते ओलांडून अर्जेंटिनाचे हजारो लोक बोटींतून आले. सामन्याआधी वाद निघाला, तो चेंडू कोणाचा वापरायचा यावरून. पूर्वार्ध अर्जेंटिनाच्या चेंडूने व उत्तरार्ध उरुग्वेच्या चेंडूने खेळावा, अशी तडजोड झाली. मध्यंतराला अर्जेंटिना दोन विरुद्ध एक असा पुढे होता; पण चेंडू बदलला तसे पारडेही फिरले आणि उरुग्वेने चार विरुद्ध दोन गोलांनी विजय मिळवला. चौथा गोल एक्तोर कास्त्रो याने केला. लहानपणी एका अपघातात त्याने उजवा हात कोपराखाली गमावला होता. दुसऱ्या दिवशी उरुग्वेत राष्ट्रीय सुटी जाहीर झाली.

पुढच्या दोन स्पर्धा इटली (१९३४) आणि फ्रान्स (१९३८) या देशांत झाल्या. दोन्ही वेळी इटलीने चषक जिंकला. युरोपचे संघ आपल्याकडे आले नाहीत, याचा राग धरून उरुग्वेने १९३४ मध्ये पाठ फिरवली. विजेत्या देशाने पुढील स्पर्धेत उतरण्याचे नाकारल्याचे दुसरे उदाहरण नाही. याच सुमारास आफ्रिका आणि आशिया या खंडांची पहिली पावले तेथे उमटली. १९३४ मध्ये इजिप्त आणि १९३८ मध्ये डच ईस्ट इंडीज, म्हणजे आजचा इंडोनेशिया, हे संघ आले. एकेक सामना खेळले, हरले आणि परतले. रिमे यांच्या श्रद्धेची कसोटी मात्र मैदानाबाहेर लागत होती. इटलीचा हुकूमशहा मुसोलिनी याने स्पर्धेचा उपयोग आपल्या राजवटीचा डंका पिटण्यासाठी केला. १९३८ मध्ये ऑस्ट्रियाने स्पर्धेत स्थान मिळवले होते. परंतु स्पर्धेपूर्वीच जर्मनीने तो देशच गिळंकृत केला आणि त्याच्या खेळाडूंना जर्मनीच्या संघात घालण्यात आले.

त्यानंतर दुसरे महायुद्ध पेटले. चषक इटलीत होता. फिफाचे इटालियन पदाधिकारी ओत्तोरिनो बारास्सी यांनी तो जोड्यांच्या एका खोक्यात घालून आपल्या पलंगाखाली लपवून ठेवला. बारा वर्षे स्पर्धा झाली नाही.

युद्धानंतर १९५० मध्ये ब्राझीलने स्पर्धा भरवली. या वेळी भारतालाही निमंत्रण होते. पात्रता सामन्यांत भारताच्या गटातील इतर देशांनी माघार घेतल्यामुळे एकही सामना न खेळता त्याला जागा मिळाली होती. तरीही भारतीय संघ गेला नाही. अनवाणी खेळण्यास परवानगी मिळाली नाही म्हणून भारताने माघार घेतली, अशी गोष्ट सर्वत्र सांगितली जाते. त्या गोष्टीला आधार एवढाच, की १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारताचे बहुतेक खेळाडू खरोखरच बुटांवाचून खेळले होते आणि फ्रान्ससारख्या संघाशी त्यांनी अटीतटीची लढत देऊन केवळ एका गोलाने हार पत्करली होती. परंतु भारतीय फुटबॉल महासंघाने त्या वेळी दिलेली कारणे निराळी होती: सरावाला वेळ पुरेसा नाही आणि संघाच्या निवडीवर एकमत नाही. शिवाय ऑलिंपिक हीच सर्वश्रेष्ठ स्पर्धा, असे त्या काळी आपल्याकडे मानले जात असे. अनवाणी पायांची गोष्ट सांगायला सोपी, ऐकायला गोड. म्हणून ती टिकून राहिली. पुढे १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने चौथा क्रमांक मिळवला. मूळचे गोव्याचे आणि मुंबईच्या मैदानांवर नावारूपाला आलेले नेव्हिल डिसूझा यांनी तेथे यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध एकाच सामन्यात तीन गोल केले. विश्वचषकाचे दार मात्र पुन्हा तसे आपणहून उघडले नाही.

ब्राझीलमधील त्या स्पर्धेचा शेवट फुटबॉलच्या इतिहासात अविस्मरणीय ठरला आहे. त्या वर्षी अंतिम सामना असा ठेवलेला नव्हता. चार संघांनी एकमेकांशी खेळायचे आणि ज्याचे गुण अधिक, त्याने चषक न्यायचा, असा नियम होता. ब्राझीलने स्वीडनवर सात गोल चढवले, स्पेनवर सहा. शेवटचा सामना उरुग्वेशी होता आणि तो बरोबरीत सुटला तरी ब्राझीलचे काम भागणार होते. १६ जुलै १९५० रोजी रिओच्या माराकाना प्रेक्षागारात पावणेदोन लाखांच्या आसपास लोक तिकीट काढून आले होते. सारे शहर विजयोत्सवाच्या तयारीत होते. उत्तरार्धाच्या आरंभीच ब्राझीलने गोल केला आणि प्रेक्षागार आनंदाने दणाणून गेले. परंतु उरुग्वेचा संघनायक ऑब्दुलिओ व्हारेला हा मोठा धीराचा माणूस होता. त्याने चेंडू उचलला, काखेत धरला आणि सावकाश चालत जाऊन पंचांशी हुज्जत घालायला प्रारंभ केला. लोकांचा जल्लोष ओसरेपर्यंत त्याने खेळ सुरू होऊ दिला नाही. पुढे स्कियाफिनोने बरोबरी साधली.

सामना बरोबरीत होता आणि संपायला थोडाच वेळ उरला होता. चषक ब्राझीलच्या संघनायकाला देण्यासाठी रिमे सज्जातून उठले व जिन्याने खाली निघाले. समारंभासाठी त्यांनी पोर्तुगीज भाषेत भाषणही तयार ठेवले होते. बोगद्यातून ते मैदानाच्या काठाशी पोहोचले, तो वर सर्वत्र स्मशानशांतता. एवढ्या अवधीत उरुग्वेच्या गिज्जाने दुसरा गोल केला होता. मानवंदना नाही, राष्ट्रगीत नाही, भाषण नाही. गर्दीत चषक हातात धरून रिमे एकटेच उभे राहिले. अखेर व्हारेला दिसला, तेव्हा त्यांनी जवळजवळ गुपचूपच तो त्याच्या हाती ठेवला.

ब्राझीलने तो पराभव मनाला फार लावून घेतला. खेळाडूंचा पांढरा पोशाखच अपशकुनी ठरवला गेला. नव्या पोशाखासाठी एका वर्तमानपत्राने स्पर्धा जाहीर केली. राष्ट्रध्वजातील चारही रंग त्यात असावेत, अशी अट होती. जे चित्र निवडले गेले, ते उरुग्वेच्या सरहद्दीलगत वाढलेल्या एका तरुणाचे होते, ही मोठी मौजेची गोष्ट. ब्राझीलचा आज जगप्रसिद्ध असलेला पिवळा सदरा तो हाच. त्या सामन्याच्या दिवशी एका गावात आकाशवाणीजवळ बसून रडणाऱ्या आपल्या वडिलांना पाहून नऊ वर्षांचा एक मुलगा म्हणाला होता, की तुमच्यासाठी हा चषक मी जिंकून आणीन. लहान मुले असे पुष्कळ काही बोलतात. परंतु १९५८ मध्ये स्वीडन येथे ब्राझीलने प्रथमच विश्वचषक जिंकला, तेव्हा अंतिम सामन्यातील दोन गोल त्याच मुलाचे होते. त्याचे वय सतरा वर्षे आणि नाव पेले.

सन १९६६ ची स्पर्धा इंग्लंडमध्ये झाली. सामने सुरू होण्यापूर्वी लंडनमधील एका प्रदर्शनातून चषक चोरीला गेला. पोलीस शोध घेऊन थकले आणि आठवडाभराने पिकल्स नावाच्या एका कुत्र्याने तो कुंपणाच्या झुडपाखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेला शोधून काढला. या कुत्र्याला त्या वर्षी खेळाडूंइतकी प्रसिद्धी मिळाली. मात्र त्याच वर्षीची याहून महत्त्वाची घटना कमी लोकांच्या लक्षात राहिली. स्पर्धेत सोळा संघांना जागा होती. त्यांपैकी आफ्रिका, आशिया आणि ओशनिया या तीन प्रदेशांना मिळून एकच जागा देण्यात आली होती. परकीय झेंड्याखाली असलेले आफ्रिकेतील देश आता एकामागून एक स्वतंत्र होत होते. घानाच्या पुढाकाराने त्यांनी या व्यवस्थेचा निषेध केला आणि एकमताने स्पर्धेतून अंग काढून घेतले. ती एकमेव जागा उत्तर कोरियाला मिळाली. या अपरिचित संघाने दोनदा जगज्जेता ठरलेल्या इटलीला एका गोलाने हरवले. पुढच्या सामन्यात त्याने पोर्तुगालवर लागोपाठ तीन गोल केले. तेव्हा पोर्तुगालच्या युसेबिओने एकट्याने चार गोल करून डाव उलटवला. युसेबिओ त्या स्पर्धेत सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला. त्याचा जन्म मोझांबिकमधला. ज्या खंडातून एकही संघ आला नव्हता, त्या खंडाचा पुत्र दुसऱ्याच्या पोशाखात सर्वांत पुढे होता!

आफ्रिकेच्या निषेधाला फळ आले. १९७० पासून त्या खंडासाठी एक जागा राखून ठेवण्यात आली आणि इजिप्तनंतर तब्बल छत्तीस वर्षांनी मोरोक्कोच्या रूपाने आफ्रिकेचा संघ पुन्हा मैदानात उतरला. त्याच वर्षी ब्राझीलने तिसऱ्यांदा विजय मिळवला आणि नियमाप्रमाणे रिमे यांच्या नावाचा तो चषक त्या देशाला कायमचा मिळाला. ‘कायमचा’ हा शब्द मात्र फसवा ठरला. १९८३ मध्ये रिओ येथून तो पुन्हा चोरीला गेला. या खेपेस कोणताही पिकल्स उपयोगी पडला नाही. १९७४ पासून दिला जाणारा सोन्याचा चषक इटालियन शिल्पकार सिल्व्हिओ गाझ्झानिगा यांनी घडवलेला आहे. तो कोणत्याही देशाला कायमचा दिला जात नाही.

पुढील वाढ झपाट्याने झाली. १९८२ मध्ये चोवीस, १९९८ मध्ये बत्तीस आणि २०२६ साठी अठ्ठेचाळीस अशी संघांची संख्या ठरवण्यात आली. २००२ मध्ये जपान व दक्षिण कोरिया यांनी मिळून स्पर्धा भरवली, तेव्हा ती प्रथमच आशियात आली. २०१० मध्ये ती दक्षिण आफ्रिकेत झाली. २०२२ मध्ये कतार येथे अर्जेंटिनाने चषक जिंकला. त्या स्पर्धेत मोरोक्कोने स्पेन आणि पोर्तुगाल यांना हरवून उपांत्य फेरी गाठली. तेथवर पोहोचलेला आफ्रिकेचा तो पहिलाच संघ होय.

एवढे झाले, तरी निम्मे जग बराच काळ दाराबाहेरच उभे होते. १९२० च्या डिसेंबरात लिव्हरपूल शहरात स्त्रियांचा एक सामना पाहायला पन्नास हजारांहून अधिक लोक लोटले होते. वर्षभरातच इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने हा खेळ स्त्रियांना मानवणारा नाही असे ठरवून आपली मैदाने त्यांना बंद केली. ही बंदी उठायला जवळजवळ अर्धशतक लागले. स्त्रियांचा पहिला विश्वचषक १९९१ मध्ये चीनमध्ये झाला. त्यातील सामने नव्वदऐवजी ऐंशी मिनिटांचेच ठेवले होते. शेवटच्या दहा मिनिटांचा हक्क त्यांना पुढील स्पर्धेत मिळाला. सतरा वर्षांखालील मुलींची जागतिक स्पर्धा २०२२ मध्ये भारतात भरली. तिचा अंतिम सामना नवी मुंबईत झाला आणि त्यात स्पेनने कोलंबियाला हरवले.

भारताच्या पुरुषांच्या मुख्य संघाला विश्वचषकाच्या मैदानावर अद्याप पाऊल ठेवता आलेले नाही. परंतु २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील मुलांची जागतिक स्पर्धा आपल्याकडे भरली. सामने नवी मुंबई आणि मडगावसह सहा शहरांत झाले आणि यजमान म्हणून भारताला तीत प्रवेश मिळाला. ९ ऑक्टोबरला दिल्लीत कोलंबियाशी सामना होता. भारत एका गोलाने मागे होता. खेळ संपायला जेमतेम आठ मिनिटे उरली असताना कोपऱ्यावरून आलेल्या चेंडूला मणिपूरच्या जीक्सन सिंगने उंच उडी घेऊन डोक्याने टोला दिला आणि चेंडू जाळीत गेला. फिफाच्या कोणत्याही विश्वचषक स्पर्धेत भारताने केलेला तो पहिला गोल. प्रेक्षागारातील आरोळी अजून विरली नव्हती, तोच कोलंबियाने दुसरा गोल केला.